वाट आणि पंगत

आषाढी वारीच्या दिवसांत पुण्याच्या पूर्वेला, हडपसरला, एक दृश्य दरवर्षी पाहावयास मिळते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आणि देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातील मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याने हडपसरपर्यंत एकाच वाटेने येतात. हडपसरला ही वाट फुटते. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे निघते. पुढे कित्येक दिवस दोन्ही पालख्या निरनिराळ्या गावांतून चालतात आणि पंढरपूरच्या वेशीजवळ वाखरीला पुन्हा एकत्र येतात.

वारी हा आपल्या ख्रिस्ती उपासनेचा भाग नाही. तरीही हडपसरच्या त्या फाट्यावर उभे राहिले की आम्हांला वाटते, आपल्या परिसराचा सारा इतिहास जणू येथे रस्त्यावर मांडून ठेवला आहे. एकाच वाटेने चालायचे म्हणजे सर्वांनी एकच पालखी खांद्यावर घ्यायची असे नव्हे. ज्याची त्याची पालखी वेगळी, दिंडी वेगळी. पण रस्ता, पाणी, सावली आणि पंगत यांत वाटा सर्वांचा. पुणे आणि हडपसर परिसरात निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी असे सोबत राहण्याचे जे प्रयोग केले, त्यांचा मागोवा घ्यावा आणि आपल्या तरुण मुलामुलींना त्यांतून काय देता येईल हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रणभूमीवरची वाट

हडपसरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात प्रथम ठळकपणे येते ते एका लढाईमुळे. दिनांक २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी याच माळावर शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. मराठ्यांच्याच दोन फौजा येथे एकमेकींवर तुटून पडल्या. दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले व अखेर वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे जो तह झाला, त्याने मराठी राज्याच्या स्वातंत्र्याला कायमची उतरती कळा लागली. वसईच्या आपल्या वाचकांना हा तह ठाऊक असतोच. त्याची पहिली ठिणगी हडपसरला पडली होती, हे मात्र अनेकांच्या ध्यानी नसते. भाऊबंदकीची किंमत किती मोठी असते, हे या मातीने तेव्हाच पाहिले.

परंतु त्याच काळाची दुसरी बाजूही आहे. पेशव्यांच्या चाकरीत गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई व अधिकारी होते. त्यांना उपासनेसाठी स्थान नव्हते. दोम मिगेल दी नरोन्हा या अधिकाऱ्याने विनंती केली आणि सवाई माधवराव पेशव्यांच्या सरकारने १७९२ साली त्यांना चर्चसाठी जागा दिली. पुण्यातील कॅथलिकांचे पहिले चर्च, म्हणजे आजचे क्वार्टर गेटजवळील अमलोद्भव मातेचे 'सिटी चर्च', अशा रीतीने एका हिंदू राज्यकर्त्याच्या दानातून उभे राहिले. ते नाना पेठेत आहे आणि तुकोबांची पालखी पुण्यात ज्या निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात उतरते तेही नाना पेठेतच आहे. घंटेचा आणि टाळांचा आवाज तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या कानी पडत आला आहे.

वारीच्या इतिहासातही असाच अर्थपूर्ण योग दिसतो. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, आणि ते मूळचे शिंद्यांच्या दरबारी चाकरीतले. ज्या शिंद्यांच्या फौजेने हडपसरला हार खाल्ली, त्यांच्याच पदरी राहिलेल्या या गृहस्थांनी पुढे त्याच हडपसरवरून जाणाऱ्या भक्तांच्या दिंड्या मार्गी लावल्या. तुकोबांची पालखी तर देहूहून निघाली की पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी घेते. हे सारे कोणा विद्वानाने परिषदेत ठरविलेले नाही. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी वागता वागता ते रूढ झाले आहे.

एक पेला चहा

तथापि शेजार असला म्हणजे पंगत बसतेच असे नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी तेथे होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा त्यांनी स्वीकारला, ही बातमी वर्तमानपत्रात येताच शहरात गदारोळ उडाला. प्रकरण धर्मपीठापर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचे वाद कित्येक महिने चालले. आज आपणांस हसू येईल. परंतु एका पेल्याने सारे शहर ढवळून निघावे इतके त्या काळी एकत्र खाणेपिणे दुर्मीळ होते. आणि दोष केवळ एकाच बाजूचा नव्हता. मिशनच्या आवारात राहणाऱ्या ख्रिस्ती समाजानेही आपल्याभोवती एक कुंपण घालून घेतले होते. पोशाख, भाषा, आडनावे, बसण्याउठण्याची रीत या साऱ्यांत आपण शेजाऱ्यांपासून दूर सरकत होतो.

ते कुंपण ज्यांना बोचले त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक हे अग्रणी. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी मराठी मातीशी नाते तोडले नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सारे तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, असा त्यांचा मानस होता. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार अपुरा राहिला.

शिवाजीनगरचा आश्रम

टिळकांच्या या अपुऱ्या स्वप्नाचा धागा एका इंग्रज धर्मगुरूने उचलला. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी अहमदनगर भागात काम करीत होते. १९२२ साली त्यांनी 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' स्थापन केला आणि त्या दशकाच्या अखेरीस पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम उभा राहिला. साम्राज्य ऐन भरात असताना इंग्रज आणि भारतीय तरुण तेथे एका छपराखाली राहत. खादी नेसत, जमिनीवर बसून एकाच पंगतीला जेवत, अंगमेहनतीची कामे वाटून घेत. कोणी साहेब नाही, कोणी चाकर नाही. आज हे साधे वाटते. परंतु ज्या काळी क्लबाच्या दारावर भारतीयांना मज्जाव होता, त्या काळी एका ताटाच्या ओळीत बसणे हीच एक प्रार्थना होती.

या आश्रमात १९२७ साली व्हेरियर एल्विन हे ऑक्सफर्डचे तरुण पदवीधर आले. तेथे त्यांची शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी मैत्री जुळली. गांधीजींच्या चळवळीविषयी एल्विन यांना वाटणारी ओढ सरकारच्या डोळ्यांत सलू लागली. १९३२ च्या आरंभी दोघे मित्र मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात गोंड आदिवासींमध्ये राहावयास गेले. पुढे एल्विन यांनी धर्मगुरुपद सोडले आणि ते ख्रिस्तसभेपासूनही दुरावले. १९३४ साली संघातही फूट पडली. हे आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. सहजीवनाची वाट निर्धोक असते असे भासविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दार उघडे ठेवले की वारा आत येतो, आणि घरातले कोणी बाहेरही जाते. प्रश्न एवढाच आहे की त्या भीतीने दार बंद करावे, की घरातला दिवा अधिक जपून तेवत ठेवावा?

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत दिले. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेसाठी आले, तेव्हा इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरत नाही, ही त्यातील शिकवण आपणा सर्वांस परिचित आहे. पुण्यात ती कागदावर राहिली नाही. फादर मॅथ्यू लेदर्ले या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी शनिवार पेठेत, जुन्या पुण्याच्या अगदी मध्यभागी, 'स्नेहसदन' उभे केले आणि महाराष्ट्राच्या विचारपरंपरेचा अभ्यास व संवाद यांत आयुष्य वेचले. १९७२ साली शिवाजीनगरच्या आश्रमालाही नवे जीवन लाभले. मुंबईचे सोफिया कॉलेज चालविणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनी आणि अँग्लिकन धर्मभगिनी तेथे एकत्र राहू लागल्या. त्यांत पारशी घरात जन्मलेल्या सिस्टर वंदना होत्या आणि वेदान्ताच्या गाढ्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँटही होत्या. ज्या दोन ख्रिस्ती परंपरा शतकानुशतके एकमेकींशी फटकून वागल्या, त्यांनी पुण्यात एक चूल मांडली आणि त्या चुलीपाशी हिंदू साधकांनाही जागा ठेवली. इतरांशी संवाद साधण्यापूर्वी आपापसांत संवाद हवा, हा धडा येथून घेण्यासारखा आहे.

तरुणांसाठी एक शाळा

आपल्या समाजाबाहेरही अशीच एक शाळा चालली होती. ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची पुनर्बांधणी झाली आणि एस. एम. जोशी त्याचे प्रमुख झाले. खेळ, कवायत, श्रमदान, कलापथके आणि शिबिरे असा त्याचा कार्यक्रम असे. वरवर पाहता यात तत्त्वज्ञान काही नाही. परंतु निरनिराळ्या जातिधर्मांची मुलेमुली आठ दिवस एकत्र राहिली, त्यांनी एकत्र भाकरी खाल्ली, एकत्र रस्ता बांधला, की त्यांच्या मनांतील पुष्कळशी जळमटे आपोआप झडत. साने गुरुजी हे या दलाचे हृदय. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभिले व दहा दिवसांनी ते फळास आले. एका प्रांतातील तरुणांनी दुसऱ्या प्रांतातील घरांत राहावे, त्यांची भाषा शिकावी, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना. हडपसरला डॉ. दादा गुजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाने उभारलेले रुग्णालय साने गुरुजींचे नाव धारण करून आहे, हे आपल्या परिसराचे भाग्यच म्हटले पाहिजे.

"उद्या ये"

आता आपण हडपसरहून पुण्याच्या ईशान्येस, वढू बुद्रुक या गावी जाऊ. तेथील कार्याची सुरुवात एका हृदयद्रावक घटनेतून झाली. १९९१ साली पुण्यात काम करणाऱ्या सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर स्त्री आली. नवरा आपणांस ठार मारील, आश्रय द्या, असे तिने विनविले. तिला ठेवून घेण्याची सोय नव्हती. सिस्टरांनी तिला दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती वाचली नाही. तिच्या पोटातील बाळही वाचले नाही. ही कथा सिस्टर लुसी स्वतःच सांगत आल्या आहेत. त्यांनी स्वतःला त्यातून वगळलेले नाही.

२ फेब्रुवारी १९९७ रोजी वढू बुद्रुक येथे 'माहेर'चे पहिले घर उघडले. येशूसंघीय धर्मगुरू फादर फ्रान्सिस डिसा यांचे त्या कार्यास साहाय्य लाभले. संस्थेचे नाव किती समर्पक आहे! मराठी मुलीला माहेरी कोणी जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही, "का आलीस?" असेही विचारीत नाही, आधी पाणी देतात. येथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध स्त्रिया व मुले एकत्र राहतात. सर्व धर्मांचे सण साजरे होतात आणि कोणावरही धर्म लादला जात नाही. येथे वाढलेल्या मुलांमुलींपैकी कित्येक जण मोठेपणी याच कामात हात देतात. २०१६ साली सिस्टर लुसींना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. परंतु आमच्या मते 'माहेर'चा खरा सन्मान त्याच्या स्वयंपाकघरात आहे. निरनिराळ्या देवांची नावे घेणाऱ्या बाया तेथे एकाच कणकेच्या गोळ्यातून पोळ्या लाटतात.

आशा हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. 'माहेर'ची आशा स्वस्त नाही. एका चुकलेल्या रात्रीच्या राखेतून ती उगवली आहे, आणि "उद्या ये" हे शब्द पुन्हा कोणास ऐकावे लागू नयेत, या निश्चयावर ती उभी आहे.

हडपसरची एक रात्र

आता आम्हांला जड अंतःकरणाने हडपसरला परत यावे लागते. २ जून २०१४ च्या रात्री येथे एक तरुण मारला गेला. तो २८ वर्षांचा होता, सोलापूरचा होता आणि पुण्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरी करीत होता. समाजमाध्यमांवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे कोणीतरी पसरविली होती. त्यावरून शहरात काही दिवस तणाव होता. त्या चित्रांशी या तरुणाचा काडीचाही संबंध नव्हता. नमाज पढून तो परतत होता. दाढी आणि टोपी पाहून त्याला गाठले, असे तेव्हा सांगण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींची मुक्तता केली. न्यायालयाचा निर्णय आपण मानतो. पण एका आईचा मुलगा या रस्त्यावर गेला, हे सत्य त्या निर्णयाने पुसले जात नाही.

पुढे १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार उसळला. वढू बुद्रुक हे गाव तेथून अगदी जवळ. ज्या गावात 'माहेर' आहे, त्याच्या परिसरात दगड आणि आगी यांचे दिवस यावेत, यावरून शांतीचे काम एकदा केले की संपले असे होत नाही, हे उघड दिसते.

हडपसर आता ते जुने गाव राहिलेले नाही. जेथे ऊस आणि भाजीपाला पिकत होता, तेथे मगरपट्ट्यासारख्या वसाहती आणि संगणक कंपन्यांचे मनोरे उभे आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, केरळातून, ईशान्य भारतातून आलेली हजारो मुलेमुली येथे खोल्या घेऊन राहतात. त्यांना पगार आहे, पण शेजार नाही. गावी त्यांना नावाने ओळखणारी माणसे होती. येथे दारावरच्या पाटीखेरीज त्यांची ओळख नाही. हातातील दूरध्वनीवर मात्र रात्रंदिवस कोणी ना कोणी त्यांना सांगत असते, की अमुक लोक तुमचे वैरी आहेत. ज्याच्याबरोबर आपण कधी जेवलो नाही, त्याच्याविषयी असे काहीही खरे वाटू शकते. ज्याच्या आईच्या हातची शेवई किंवा पुरणपोळी आपण खाल्ली आहे, त्याच्याविषयी ते इतक्या सहज पटत नाही.

आपल्या अंगणातून

मग आपण, धर्मग्रामातील कुटुंबांनी, काय करावे? आमच्या मते मोठ्या सभा-संमेलनांची गरज नाही. आपल्या युवक-युवतींच्या शिबिरात वर्षातून एकदा तरी शेजारच्या वस्तीतील हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलांना बोलावावे. व्याख्यानापेक्षा कामासाठी बोलवावे. रुग्णालयात रक्तदान, ओढ्याची सफाई, आषाढात वारकऱ्यांना पाणी देणे, यांसारखी कामे एकत्र करावीत आणि शेवटी एका पंगतीत जेवावे. नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या तरुणांपैकी एकाला प्रत्येक कुटुंबाने रविवारच्या जेवणास बोलवावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. याने आपली श्रद्धा पातळ होईल, अशी भीती काही पालकांना वाटते. ती भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच आपल्या मुलांना आधी आपली प्रार्थना, आपले शास्त्र आणि आपला इतिहास नीट शिकविला पाहिजे. स्वतःची पालखी ज्याला ठाऊक आहे, तो दुसऱ्याच्या दिंडीसोबत निर्धास्त चालू शकतो.

२०२० साली असिसीत स्वाक्षरी केलेल्या परिपत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला विस्ताराने दिला आहे, आणि त्या लेखनामागे एका मुस्लिम धर्मनेत्याशी झालेल्या भेटीची प्रेरणा होती हे मोकळेपणाने सांगितले आहे. त्या दाखल्यातील जखमी माणूस रस्त्यावर पडला होता. हडपसरचा तरुणही रस्त्यावरच पडला. ख्रिस्ताने विचारलेला प्रश्न, त्याचा शेजारी कोण ठरला, हा आपल्या पत्त्यावर आलेला प्रश्न आहे.

एम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्य निराश होऊन चालले होते. एक अनोळखी वाटसरू त्यांना भेटला. वाटेत त्यांनी त्याच्याशी संवाद केला, पण त्याला ओळखले नाही. संध्याकाळ झाली तेव्हा त्यांनी त्याला आग्रहाने घरी थांबवून घेतले. ते जेवावयास बसले, भाकर मोडली गेली, आणि तेव्हा त्यांचे डोळे उघडले. त्या सायंकाळी त्यांनी त्या अनोळखी माणसाला "उद्या ये" असे सांगितले असते, तर?

पुढच्या आषाढात पालख्या पुन्हा हडपसरला येतील आणि त्यांच्या वाटा पुन्हा फुटतील. त्या दिवशी आपल्या मुलामुलींचा हात धरून आपण रस्त्याच्या कडेला उभे राहू या. हातात पाण्याचे तांबे असू देत, आणि शेजारच्या मोहल्ल्यातील व विहाराजवळच्या मुलांनाही आपण बरोबर घेऊ या. आपली वाट वेगळी आहे हे आपण विसरणार नाही. पण तहानलेल्याला पाणी देण्यासाठी वाट एकच असावी लागत नाही, याची साक्ष आपली मुले त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.